हरूदादाच्या चार शिम

हरेश्वर तांडेल या माणसावर मी अकरा वर्षं जळलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही बरं बोललो तर ते नाइलाजानं बोललोय हे तुमच्या लक्षात राहील.

मी राऊत, सफाळ्याचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या अंगाला, रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणारा एक कारखाना आहे. तिथं मी मेंटेनन्सचा इंजिनिअर. डिप्लोमा, फर्स्ट क्लास. हरेश्वर तांडेल माझ्या हाताखालचा फिटर. सातपाटीचा, नववी नापास. म्हणजे कागदावर मी वर आणि तो खाली. पण गेटवरच्या वॉचमनपासून प्लांट मॅनेजर देशमुख साहेबांपर्यंत सगळे त्याला हरूदादा म्हणायचे आणि मला नुसतं राऊत. मीसुद्धा त्याला हरूदादाच म्हणायचो. रागात असलो की तांडेल म्हणायचो, पण तो दोन्हीला सारखीच ओ द्यायचा. त्याचाही राग यायचा.

त्याचं काम काय ते सांगतो. मोटर फिरते आणि तिनं पंपाला फिरवायचं असतं. मोटरचा दांडा वेगळा, पंपाचा वेगळा. दोघांची टोकं जिथं एकमेकांना धरतात त्या जोडाला कपलिंग म्हणतात. दोन लोखंडी चकत्या, त्यांच्यामधून जाणाऱ्या पिना आणि पिनांवर रबराचे बुश. दोन्ही दांडे एका रेषेत असले तर वर्षानुवर्षं काही होत नाही. नसले तर आधी रबराचा भुगा, मग बेअरिंगचा खुळखुळा, मग आमची धावपळ. ही रेष जुळवायला मोटरच्या चार पायांखाली पितळेचे पातळ पत्रे सारायचे असतात. त्यांना शिम म्हणतात. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पाच-दहा भाग इकडे की तिकडे, एवढ्यावर सगळा खेळ. आमच्यात कोणी मिलिमीटर म्हणत नाही. 'दहा टाक', 'तीस काढ' म्हटलं की समजायचं.

हे काम मी मीटर लावून, डायल लावून, वहीत आकडे मांडून करायचो. हरूदादा उकिडवा बसायचा, दोन्ही चकत्यांवर एक गुळगुळीत पट्टी आडवी धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "फुडच्या पायाला आठ." मी मोजायचो. आठ यायचे. एकदा नऊ आले. मला इतका आनंद झाला की मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की डायलचा स्टँडच सैल होता.

शिम ठेवायला त्याच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात विड्याच्या पानाएवढे, बोल्टासाठी एका बाजूनं खाच पाडलेले पितळेचे तुकडे जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेले असायचे. कुठल्याच तुकड्यावर आकडा लिहिलेला नसायचा. हात घालायचा, अंगठा नि बोटामध्ये घासायचा, नखानं एक टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि हवी ती काढायचा. डब्याला बोंबलाचा वास यायचा. मी म्हटलं, "अहो, निदान आकडे तरी लिहा त्यांच्यावर."

"लिवलं की बगावं लागतं, साहेब," तो म्हणाला. "आनि बगत बसलं की हात इसरतो."

मी परत माझ्या वहीत आकडे मांडायला लागलो.

त्याची आणखी एक पद्धत होती, ती सगळ्या प्लांटची होऊन बसली होती. कुठलंही मशीन जोडून झालं की चहा मागवायचा. चहा आला की पहिला ग्लास हरूदादा उचलायचा, पण प्यायचा नाही. चालत्या मशीनच्या बेसवर ठेवायचा. मग सगळे त्या ग्लासाकडे बघत उभे. चहावर एकही वळी उमटली नाही तर तो ग्लास उचलायचा, एक घोट घ्यायचा आणि मग बाकीच्यांनी प्यायचं. चहा हलला तर सगळ्यांचा चहा गार होणार, कारण मशीन परत उघडणार. माझ्या हातात व्हायब्रेशन मीटर असायचं. मी आकडा वाचून दाखवायचो, "ओके आहे!" कोणी ऐकायचं नाही. बॉयलरचा ऑपरेटर यादव, जौनपूरचा, बोईसरला वीस वर्षं राहिलेला, तो तर तोंडावर म्हणायचा, "राऊत साब, मीटर तो ठीक है, पर चाय क्या बोलती है?" हसायचे सगळे. मीही हसायचो. दात दाखवणं आणि हसणं यातला फरक कोणाला कळत नाही हे बरंच आहे.

हरूदादा फार बोलायचा नाही, पण त्याची दोन-तीन वाक्यं ठरलेली होती. सेफ्टीच्या कार्यक्रमात एकदा देशमुख साहेबांना भाषणाचा सूर लागला. कपलिंग म्हणजे नवरा-बायकोचं नातं कसं, दोघांनी थोडं थोडं जुळवून घ्यायचं कसं, वगैरे दहा मिनिटं चाललं. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर साहेबांनी हौसेनं विचारलं, "काय हरूदादा, बरोबर ना?"

"बरोबर हाय, साहेब," हरूदादा म्हणाला. "फकस्त लग्नात शिम नाय टाकता येत."

देशमुख साहेबांनी पुढे हे वाक्य हेड ऑफिसला फोनवर सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. अकरा वर्षांत माझं एक तरी वाक्य त्यांनी कोणाला सांगितलं असेल? सोडा.

दुसरं वाक्य तो मशीन उघडताना हमखास म्हणायचा. "मशीन उभं आसतं तवा खोटं बोलतं." मला ते नुसतं बोलण्यातलं वाटायचं. फिटर लोकांना असं काहीतरी म्हणायची सवय असते. त्यात काही अर्थ असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि तिथंच माझं सगळं चुकलं.

पण त्याआधी घरची गोष्ट सांगायला हवी, कारण तोवर माझी जळजळ कारखान्याच्या गेटबाहेर आली नव्हती.

आमची सफाळ्याला थोडी वाडी आहे. केळी, पानवेली आणि मागं थोडा भात. विहिरीवर मोटर-पंपाची जुनी जोडी होती. ती सारखी बुश खायची. माझे बाबा तेव्हा ऐंशीच्या घरातले, पण पंपापाशी स्टूल टाकून बसायचे. मी तीन रविवार तो पंप काढला आणि बसवला. चौथ्या रविवारी परत खडखड. बाबा म्हणाले, "तुमच्याकडं तो सातपाटीचा कोण आहे म्हणतोस, त्याला बोलव."

मी म्हटलं, "बाबा, मी त्याचा साहेब आहे."

"मग बोलवायला तुला सोपं जाईल," बाबा म्हणाले.

झालं. पुढच्या रविवारी हरूदादा आला. हातात तो डबा आणि माझ्या बायकोसाठी वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील. त्यानं पंपाला हातच लावला नाही. आधी चालू करायला सांगितला आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसून पाच मिनिटं नुसता बघत राहिला. मग बंद करायला सांगितला. पाइपाखाली एक विटेचा टेकू दिला. मी तीन वेळा पंप जोडला होता, पण पाणी भरल्यावर तो लांबलचक पाइप जड होऊन पंपाला खाली ओढतोय हे मला दिसलं नव्हतं. रिकामा असताना तर सगळं सरळच दिसायचं! टेकू दिला, दोन शिम सारल्या, बोल्ट आवळले, चाळीस मिनिटांत काम संपलं. बायकोनं चहा आणला, तो त्यानं बेसवर ठेवला. चहा हलला नाही.

बाबा स्टुलावरून उठले आणि त्यांनी हरूदादाच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. वर वेलची केळ्यांचा घड दिला, जो त्यांनी देवासाठी राखला होता.

माझ्या डिप्लोम्याचा निकाल लागला तेव्हा बाबांनी पेपर वाचत वाचत "बरं झालं" म्हटलं होतं. पाठीवर हात वगैरे काही नाही. त्या रविवारी दुपारी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "एवढं काय त्यात? चांगला माणूस आहे बिचारा." बिचारा! मी ताटावरून उठलो.

बाबा त्यानंतर दीड वर्षानं गेले. पंप चालूच होता. त्या पंपाचा आवाज येत नाही याचासुद्धा मला त्रास व्हायचा, यावरून समजा.

आता मुख्य गोष्ट.

हरूदादा अठ्ठावन्नचा होत होता. आमच्याकडे अठ्ठावन्नला निवृत्ती, पण चांगल्या माणसाला दोन वर्षं वाढवून देतात. देशमुख साहेबांनी त्याला तोंडी सांगूनही टाकलं होतं. त्याची धाकटी मुलगी, निकिता, पालघरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. भावांनी घरची बोट कधीच विकली होती. तेव्हा ही दोन वर्षं म्हणजे निकिताचं शिक्षण, सरळ हिशेब. तो जेवणाचा डबा उघडताना म्हणायचा, "दोन वरसं निगाली की माझी पोरगी सुई टोचायला तयार. मंग मी घरी बसून आजारी पडीन." आणि स्वतःच हसायचा.

त्याच सुमारास कारखान्यात लेझरचं नवं यंत्र आलं. दोन डब्या दोन दांड्यांवर बसवायच्या, बटण दाबायचं, कोण किती वर आणि किती खाली ते पडद्यावर रंगात दिसतं, कागदही छापून निघतो. त्याच्या ट्रेनिंगला मला दोन दिवस पाठवलं. मला! हरूदादाला नाही. परत आलो तेव्हा माझी छाती अशी फुगलेली की बॉयलर सूटचं बटण लागेना.

दुरुस्तीसाठी वर्षातून एकदा प्लांट बंद ठेवतात, त्या बंदमध्ये गरम तेलाचा पंप उघडला होता. बॉयलरशेजारी एक पंप आहे, तो अडीचशे डिग्रीचं तेल सगळ्या प्लांटमध्ये फिरवतो. तो थांबला की सगळं थांबतं. हरूदादानं तो जोडला, कामाच्या कार्डावर सही केली आणि जेवायला गेला. कार्डावर खाली माझी सही व्हायची होती, तपासणारा म्हणून. मी म्हटलं, चला, आज यंत्रानं तपासू.

डब्या बसवल्या, बटण दाबलं. पडद्यावर लाल आकडा आला. मोटर तीस वर.

तीस! हरूदादाच्या कामात तीस! पाच नाही, दहा नाही. मी परत मोजलं. स्टँड सैल नव्हता, कारण स्टँडच नव्हता. तीस. मी तिथं एकटाच उभा होतो, पण मला वाटत होतं सगळ्या प्लांटला हाका मारून बोलवावं. या बघा तुमचे हरूदादा! ठेवा आता चहा!

मी काय करायला हवं होतं ते कोणीही सांगेल. तो जेवून येईपर्यंत वीस मिनिटं थांबायचं आणि विचारायचं, "हरूदादा, तीस का?" पण मला उत्तर नको होतं. मला त्याची चूक हवी होती. मी मोटरचे बोल्ट सैल केले, चारी पायांखालून एकेक शिम ओढून काढली, परत आवळलं, परत मोजलं. शून्य. हिरवं शून्य. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद छापून घेतले आणि कार्डावर सही ठोकली. बेत असा होता की पंप दोन दिवस छान चालू द्यायचा, मग दोन्ही कागद देशमुख साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. चार शिम बॉयलर सूटच्या खिशात टाकल्या.

संध्याकाळी पंप चालू झाला. तेल अजून गार होतं. हरूदादानं चहा ठेवला. हलला नाही. माझ्या शून्यावर हरूदादाचा चहा स्थिर! मला तेव्हा जे वाटलं ते लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला यादवचा फोन आला. धावत गेलो. कपलिंगखाली रबराचा काळा भुगा पडला होता, एक पिन तुटून भिंतीवर जाऊन आदळली होती, पंपाचं सील फुटून गरम तेलाचा धूर सगळीकडे कोंडला होता. यादव नुकताच वीस पावलं लांब गेला होता म्हणून वाचला. प्लांट दोन दिवस बंद.

ट्रेनिंगला दिलेली पुस्तिका मी त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानांवर होतं. गरम तेलाचा पंप तापला की त्याचं लोखंड फुगतं आणि त्याचा दांडा वर उचलला जातो. मोटर तेवढी तापत नाही. म्हणून गार असताना मोटर मुद्दाम वर ठेवायची, म्हणजे पंप तापून वर आला की दोघं बरोबर समोरासमोर येतात. किती वर ठेवायची याचा एक तक्ता होता. आमच्या पंपासाठी त्यात तीस लिहिलं होतं. मी दोन्ही कागद फाडले आणि संडासात टाकले.

मोटर हरूदादानंच उघडली. मी समोर उभा होतो. त्यानं बोल्ट सैल केले, एका पायाखाली बोट सरकवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. बोट बाहेर काढलं, चिंधीला पुसलं. माझ्याकडे बघितलं.  डबा उघडून चार नव्या शिम कापायला बसला.

संध्याकाळी देशमुख साहेबांच्या केबिनमध्ये दोघांना बोलावणं आलं. हेड ऑफिसला चूक करणाऱ्याचं नाव कळवायचं होतं. साहेबांनी कार्ड पुढे धरलं. "राऊत, तपासलं तुम्ही. किती होतं?"

मी म्हटलं, "शून्य होतं, साहेब."

त्यात एक शब्द खोटा नव्हता, पण ऐकणाऱ्याला वाटणार की हरूदादानंच शून्य ठेवलं होतं. आयुष्यात इतकं खरं बोलून मी कधी इतकं खोटं बोललो नाही. हात कुठं ठेवावा ते कळेना, म्हणून मी तो खिशात घातला होता. चारी शिम तिथंच होत्या. कालचाच बॉयलर सूट अंगावर होता.

साहेब हरूदादाकडे वळले. त्यानं फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'मी तीस ठेवली होती.' तीन-चार शब्द. माझी नोकरी गेली असती आणि त्याची दोन वर्षं वाचली असती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काम माझं व्हतं, साहेब. चूक झाली आसंल."

साहेबांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण नाव गेलं, आणि त्याबरोबर दोन वर्षंही गेली. मी मूग गिळून बसलो. नंतर दोनदा साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी परत फिरलो.

निरोपाच्या दिवशी हार, नारळ, शाल झालं. यादव ढसाढसा रडला. माझं भाषण होतं. मी म्हटलं, तांडेल म्हणजे आमच्या प्लांटचा कणा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरूदादानं डबा काखेत मारला आणि बसकडे चालू लागला. तेव्हासुद्धा, खरं सांगतो, त्याच्या मागं चाललेली गर्दी बघून माझ्या पोटात दुखलं. इतकं करून ज्याला घालवला, त्याचाच हेवा! माणसानं स्वतःच्या थोबाडीत तरी किती मारून घ्यायच्या?

त्याच्या जागी कोणी आलं नाही. रेष जुळवायचं काम, म्हणजे अलाइनमेंट, मीच करू लागलो. सुरुवातीला गोड वाटलं. पण यादव रोज चहा ठेवायचा, ग्लासाकडे बघायचा आणि निघून जायचा.

पुढच्या पावसाळ्यात गरम तेलाचा पंप पुन्हा उघडला. मी मोटर तीस वर ठेवली, पुस्तिकेतली तीस, हरूदादाची तीस. तेल तापलं. यादवनं चहा ठेवला. चहावर बारीक वळी उठली. फार नाही, पण उठली. मीटर म्हणत होतं, चालेल. यादव म्हणाला, "दादा होते तो..." आणि ग्लास उचलून नेला.

मला पंपाची काळजी होती, हे खरं. पण एका रविवारी सकाळी मी टेबलाच्या खणातून त्या चार शिम काढल्या, खिशात टाकल्या आणि मोटारसायकल सातपाटीकडे घेतली, ती फक्त पंपासाठी नव्हे.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. बोटी पाण्यात उतरवायचं काम चाललं होतं. घरी हरूदादाची बायको होती. मला ओळखून तिनं खुर्ची दिली. "ते खाडीवर हायत. कुनाच्या ना कुनाच्या इंजिनात आसतात. तुमच्यापासून सुटलं नि बोटीत आडकलं." निकिताचं विचारलं. "शिकते ना. बोटी हायत तवर शिकंल," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खाडीवर एक बोट नुकतीच पाण्यात आणली होती. हरूदादा तिच्या पोटात, इंजिनामागं पालथा पडला होता. कंबरेपर्यंत दिसत होता. बोटीचा मालक काठावरून घाई करत होता. "आरं, सुकीत व्हती तवाच बांदलं आसतं तर आतापावत झालं नसतं?"

आतून आवाज आला. "सुकीत बोट निराळी, पान्यात बोट निराळी. लाकूड पान्यावर बसलं की पोट हालतं. सुकीत बांदलेलं पान्यात वाकडं. चल, पाना दे."

मी तिथंच उभा राहिलो. मशीन उभं असतं तेव्हा खोटं बोलतं. तो हे बोटीवर शिकला होता. त्याच्या बापानं त्याला, त्याच्या बापाला आजानं शिकवलं असेल. मला वाटायचं याला देवानं काहीतरी दिलंय, जे मला दिलं नाही. देवानं काही दिलं नव्हतं. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं, की वस्तू कामाला लागली की कशी होते ते बघून मग जोडायची.

तो बाहेर आला. अंगभर तेल, गुडघ्यावर खरचटलेलं. मला बघून म्हणाला, "राऊत साहेब! पंप?"

आधी पंपच विचारला. मी सांगितलं. चहा हलतोय, तीसच ठेवलीय.

"तेल किती गरम करता आता?"

"पूर्वीपेक्षा वीस डिग्री जास्त. नवीन माल आहे."

"मंग पंप जास्ती उचलंल ना," तो म्हणाला. "पस्तीस ठेवा."

एवढंच. यासाठी मी तीन आठवडे झोपलो नव्हतो.

मग मी खिशात हात घातला आणि चार शिम त्याच्यापुढे धरल्या. बोलायचं पाठ करून आलो होतो, त्यातलं काही आठवेना. त्यानं एकेक शिम अंगठ्यानं घासली, नखानं टिचकी मारली. चारही पारखल्या आणि डब्यात टाकल्या.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "साहेबाच्या केबिनीत तुमच्या खिशात वाजत व्हत्या."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत, हरूदादा? निकिताचं शिक्षण होतं!"

तो हात पुसत राहिला. "बोललो आसतो तर तुमाला काडला आसता. आनि मी दोन वरसांनी जानारच व्हतो. मंग त्या पंपाला कोन बगनार? यादव थितं उभा ऱ्हातो." चिंधी खांद्यावर टाकून म्हणाला, "तुमच्याबिगर दुसऱ्या कोनाला येत नाय ते काम. तुमी घाई करता, येवडंच. हात बरा हाय तुमचा."

हात बरा हाय. अकरा वर्षं मी हेच तीन शब्द कोणाकडून तरी ऐकायला मरत होतो. मिळाले ते या माणसाकडून, या दिवशी. मला रडू आलं आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, त्याचा पूर्वी कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला. फिटर म्हणून तो वरचढ होता हे एक वेळ पचवलं असतं. माणूस म्हणूनही वरचढ निघाला, याला मी कुठली शिम लावू?

"मी उद्या साहेबांना सांगतो सगळं," मी म्हटलं.

"तुमची मर्जी," तो म्हणाला. "पन आदी पंप नीट करा." त्यानं डब्यात बोटं फिरवली, कागदासारख्या पातळ चार शिम काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. "पाच-पाचच्या हायत. तीसवर ठेवा, झाली पस्तीस."

बोट फेरी मारायला निघाली. हरूदादा मागं, इंजिनापाशी उभा होता. मालकानं दिलेला चहाचा ग्लास त्यानं इंजिनाच्या झाकणावर ठेवला होता आणि कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता. बोट खाडीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा त्यानं ग्लास उचलला. माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्याला मी शेवटचा बघितला तो असा.

सोमवारी सकाळी पंप उघडला, चार पायांखाली चार पातळ शिम सारल्या, आवळलं. तेल तापवलं. तोवर देशमुख साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, या वेळी दार ढकललं आणि सगळं सांगितलं. साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं. त्याचं काय होणार ते अजून कळलेलं नाही. हरूदादाला परत बोलवायचं पत्र हेड ऑफिसला गेलंय असं ऐकतो. तो येईल का, कोणास ठाऊक.

केबिनमधून परत आलो तेव्हा तेल पुरतं तापलेलं होतं. यादवनं माझ्या आधीच बेसवर चहा ठेवला होता आणि वाकून बघत होता. चहा जराही हलत नव्हता. यादवनं मान वर केली. त्याचा चेहरा असा उजळला होता, की मी थांबलो.

"साब," तो म्हणाला, "दादा आये थे क्या?"

पोटात तीच जुनी कळ उठली. मी म्हटलं, "हाँ. आये थे."